हाडांच्या स्क्रूंचे पॉलिश आणि ते धुतलेले पाणी : उद्यमबागेतील एका जॉबवर्क युनिटचे परीक्षण

मोडलेली हाडे जोडण्यासाठी लागणाऱ्या प्लेटा आणि स्क्रू आमच्या छोट्या कारखान्यात तयार होतात आणि त्यांच्या तपासणीचे काम मी गेली अकरा वर्षे पाहते. लेथवरून उतरलेला स्क्रू मापात बसला म्हणजे तो शरीरात घालण्याजोगा झाला असे होत नाही. त्याच्यावरचे तेल, कडेची बारीक धार आणि हत्यारातून चिकटलेले लोखंडाचे कण काढून पृष्ठभाग गुळगुळीत व गंजरोधक करून घ्यावा लागतो, आणि हे काम आम्ही बाहेर देतो. पूर्वी त्यासाठी आमचा माल दुसऱ्या शहरात जात असे. गेली तीन वर्षे तो बेळगावातच, उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका जॉबवर्क (बाहेरचे काम मजुरीवर करून देणाऱ्या) युनिटकडे जातो. त्या युनिटच्या कामाचे हे परीक्षण उद्यमबाग, मच्छे, होनगा या भागांतील माझ्यासारख्याच लोकांसाठी लिहीत आहे. यात गुणांबरोबर दोषही आहेत आणि मालकांनी स्वतःच्या नोंदवह्या माझ्यापुढे विश्वासाने उघडल्या आहेत, म्हणून युनिटचे नाव देत नाही.

जॉबवर्क ठरवताना आम्ही सगळे दोनच प्रश्न विचारतो : नगाला किती, आणि माल कधी. मीही कित्येक वर्षे तेवढेच विचारत होते. धुतलेले पाणी कुठे जाते, हा तिसरा प्रश्न माझ्या मनात घरातून आला. येळ्ळूरच्या बाजूला बळ्ळारी नाल्याच्या काठी आमची वडिलोपार्जित भातशेती आहे. बासमतीसाठी नावाजलेले हे शिवार आता पावसाळ्यात शहराचे सांडपाणी झेलते. नाल्याला पूर आला की पाणी साळीत दोन-दोन दिवस उभे राहते, आणि ते ओसरल्यावर बाबा मूठभर चिखल हातात घेऊन बराच वेळ नुसते पाहत उभे असतात. चार वर्षांपूर्वी याच शेताच्या बांधावरून पाय घसरून त्यांचे मांडीचे हाड मोडले आणि त्यात टायटॅनियमची सळी घालावी लागली. ती सळी कोणत्या कारखान्यात पॉलिश झाली हे मला कळण्याचा मार्ग नाही, पण तिला धुतलेले पाणी कुणाच्या तरी शिवाराच्या दिशेने गेले असणार, हा विचार त्या दिवसापासून मनातून गेलेला नाही.

ही प्रक्रिया टाळावी असे मात्र मी म्हणणार नाही. आमचा बराचसा माल ३१६ एल जातीच्या स्टेनलेस स्टीलचा असतो. इम्प्लांटसाठी वापरल्या जाणाऱ्या या पोलादात साधारण १७ ते १९ टक्के क्रोमियम आणि १३ ते १५ टक्के निकेल असते, आणि शरीरातल्या खारट द्रवात ते टिकते ते केवळ पृष्ठभागावरच्या क्रोमियम ऑक्साइडच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थरामुळे. तो थर कुठे तुटका राहिला तर तिथून गंज सुरू होतो आणि निकेल आसपासच्या मांसात उतरू लागते. टायटॅनियमचेही बळ त्याच्या ऑक्साइडच्या थरातच आहे. स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना टायटॅनियमशी हाड घट्ट जुळते हे आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी माणसाच्या जबड्यात पहिले टायटॅनियमचे रोपण केले, त्या सगळ्या पुढच्या कामाचा पाया हाच थर होता. पृष्ठभाग वाईट राहिला तर रुग्णाला दुसऱ्यांदा टेबलावर घ्यावे लागते, दुसरे इम्प्लांट लागते, आणि शस्त्रक्रियेचा सगळा कचरा पुन्हा निर्माण होतो. त्यामुळे प्रक्रिया हवीच. ती करताना काय वापरले जाते आणि उरलेले कुठे टाकले जाते, एवढ्याच मुद्द्यावर मी या युनिटकडे पाहिले.

पहिल्यांदा गेले तेव्हा दाराशीच भिंतीवर एक छोटी लाकडी पेटी दिसली. तिच्यात कॅल्शियम ग्लुकोनेटच्या जेलच्या चार नळ्या होत्या आणि प्रत्येकीवर मुदत संपण्याची तारीख मोठ्या अक्षरांत लिहिलेली होती. त्या पेटीवरून मला या कारखान्याची पहिली खात्री पटली. टायटॅनियमवरचा यंत्रकामातला खराब थर काढण्यासाठी नायट्रिक आणि हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडच्या मिश्रणात माल बुडवतात, आणि यातले दुसरे अ‍ॅसिड कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम बांधून टाकते. हे जेल त्यावरचा तातडीचा उपचार. तिथले फोरमन अण्णा मूळचे गोकाककडचे, कन्नड घरातले, पण मराठी अगदी सहज बोलतात. ते म्हणाले, “ताई, पातळ असलं तर लागल्या लागल्या दुखत पण नाही. घरी जाऊन रात्री कळतं. म्हणून पोरांना सांगतो, थेंब उडाला असं नुसतं वाटलं तरी आधी पाणी, मग जेल, आणि मग मला हाक.” अशा अ‍ॅसिडच्या टाकीजवळ जेलची नळी नसलेले कारखाने मी पाहिले आहेत.

ग्रीस आणि कटिंग ऑइल काढण्यासाठी इथे ट्रायक्लोरोइथिलीन वापरत नाहीत. आपल्याकडे ‘टीसीई’ नावाने ओळखले जाणारे हे द्रावण तेल झटक्यात काढते, पण माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात त्याची गणना झाली आहे, आणि जमिनीत मुरले तर ते भूजलात वर्षानुवर्षे राहते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ च्या डिसेंबरात त्याच्यावर बंदीचा नियम काढला. इथे गरम अल्कली द्रावणात अल्ट्रासॉनिक टाकीत माल धुतात. वेळ जास्त लागतो, स्क्रूच्या डोक्यातल्या षट्कोनी खाचेतले तेल निघायला कधी दोन फेऱ्याही लागतात, पण हा बदल मला पूर्णपणे योग्य वाटतो.

टायटॅनियमला रंग देण्याचे काम मी मुद्दाम शेजारी उभी राहून पाहिले, कारण यात रंगद्रव्य असते असा कित्येकांचा समज आहे. ट्रायसोडियम फॉस्फेटच्या सौम्य द्रावणात स्क्रूंची रॅक सोडतात आणि रेक्टिफायरचा (एकदिश वीज देणाऱ्या यंत्राचा) व्होल्ट हळूहळू चढवतात. राखाडी स्क्रू आधी पिवळसर तपकिरी होतो, मग जांभळ्यावर जातो, तीस व्होल्टच्या आसपास गर्द निळा उमटतो, पुढे तो फिका पडत साठीच्या सुमारास सोनेरी होतो, मग गुलाबी, आणि शंभरच्या जवळ हिरवा. हे सारे काही सेकंदांत, डोळ्यांदेखत होते. दर व्होल्टामागे ऑक्साइडचा थर साधारण दोन नॅनोमीटरने वाढतो आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात जसे रंग दिसतात तसेच ते या थरात दिसतात. शल्यचिकित्सकाला स्क्रूची जाडी रंगावरून ओळखता यावी हा त्याचा उपयोग आहे. पर्यावरणाच्या दृष्टीने ही पायरी जवळपास निरुपद्रवी आहे : द्रावण सौम्य असते, जड धातू त्यात जवळजवळ नसतात आणि विजेचा खर्चही थोडा. त्रास आहे तो रंग उमटण्याआधीच्या त्या अ‍ॅसिडच्या बुडवणीचा, कारण ती नीट झाली नाही तर रंग डागाळतो.

त्या बुडवणीचा हिशेब मी एकदा कागदावर मांडला. बाजारात मिळणाऱ्या ४८ टक्के तीव्रतेच्या एक लिटर हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिडमध्ये सुमारे अर्धा किलो फ्लोराइड असते. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी सर्वसाधारण मानकात लिटरमागे २ मिलिग्रॅम फ्लोराइडची मर्यादा आहे. नुसते पाणी मिसळून ही मर्यादा गाठायची म्हटले तर त्या एका लिटरसाठी अडीच लाख लिटर पाणी लागेल, म्हणजे दहा हजार लिटरचे पंचवीस टँकर. फाउंड्रीची टाकलेली वाळू आपल्या डोळ्यांना दिसते, तिच्याबद्दल बेळगावात बोललेही जाते. आमच्या धंद्याचा माल मुठीत मावतो, अ‍ॅसिडही कॅनने येते, त्यामुळे इथे विचारण्यासारखे काही आहे हेच कोणाच्या लक्षात येत नाही.

या युनिटचे खरे कसब मला दिसले ते धुण्याच्या टाक्यांत. स्टीलच्या मालाचे इलेक्ट्रोपॉलिशिंग, म्हणजे विजेच्या मदतीने पृष्ठभाग गुळगुळीत करणे, गंधकाच्या आणि फॉस्फरिक अ‍ॅसिडच्या गरम मिश्रणात होते. हे मिश्रण काकवीसारखे दाट असते. रॅक वर काढली की ते प्रत्येक स्क्रूच्या आट्यांतून चिकटून बाहेर येते आणि सोबत विरघळलेले लोखंड, क्रोमियम, निकेल घेऊन येते. बहुतेक ठिकाणी रॅक तशीच उचलून वाहत्या पाण्याच्या टाकीत घालतात. इथे ती बाथच्या, म्हणजे अ‍ॅसिडच्या टाकीच्या, वर, घड्याळ लावून, अर्धा मिनिट तिरकी धरतात आणि दोनदा झटकतात. अण्णांनी यासाठी लोखंडी आकडा बसवून घेतला आहे, म्हणजे पोराच्या हाताला कळ लागत नाही आणि तो घाई करत नाही. टाकीत जे परत पडले ते धुवावे लागत नाही, आणि जे धुवावे लागत नाही त्यावर, पाणी शुद्ध करताना, पुढे चुना टाकावा लागत नाही.

त्यानंतर माल तीन टाक्यांतून जातो, आणि पाणी त्याच्या उलट दिशेने येते. ताजे पाणी फक्त शेवटच्या टाकीत पडते, तिथून ओसंडून मधल्या टाकीत आणि मधल्यातून पहिल्या टाकीत उतरते. याचे गणित सोपे आहे आणि ते प्रत्येक प्लेटिंगवाल्याने एकदा करून पाहावे. रॅकबरोबर एक लिटर अ‍ॅसिड बाहेर आले आणि ते हजारपट विरळ करायचे असेल, तर एका टाकीत हजार लिटर पाणी वाहावे लागते. उलट प्रवाहाच्या दोन टाक्या ठेवल्या तर तेच काम साधारण ३२ लिटरमध्ये होते, आणि तीन टाक्यांत १० लिटरमध्ये. जागा थोडी जास्त लागते, माल उचलण्याचे श्रम वाढतात, पण यंत्रसामग्री म्हणाल तर दोन जादा टाक्या आणि थोडी पाइप. राकसकोप जलाशयाचे पाणी उन्हाळ्यात तळाला गेल्यावर चार-चार दिवसांनी नळ येणाऱ्या या शहरात एवढे करायला कुणाला अडचण असू नये.

याच बाबतीत त्यांची एक मोठी चूकही झाली, आणि तिचा फटका आम्हाला बसला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या निळ्या स्क्रूंच्या खोक्यात निम्म्याहून जास्त नगांवर, डोक्याच्या खाचेभोवती, फिकट पिवळसर वलय होते. दहापट भिंगाखाली पाहिले तर ते वलय वाळलेल्या थेंबाच्या कडेसारखे दिसत होते. उन्हाळ्यात पाणी वाचवण्याच्या ओघात शेवटच्या टाकीतला ताज्या पाण्याचा नळ कुणीतरी बारीक केला होता, टाकीतले क्षार वाढत गेले होते आणि माल त्या पाण्यासकट वाळला होता. मी पूर्ण खोके परत पाठवले. रंग उतरवण्यासाठी तो माल पुन्हा त्याच हायड्रोफ्लुओरिकच्या बाथमध्ये गेला, पुन्हा धुतला गेला, पुन्हा रंगवला गेला. वाचवलेल्या पाण्यापेक्षा किती तरी जास्त पाणी आणि अ‍ॅसिड त्या एका खोक्यावर खर्च झाले, शिवाय स्क्रूच्या आट्यांचे माप काही मायक्रॉनने उतरले आणि त्यातले थोडे नग आम्हाला भंगारात टाकावे लागले. टायटॅनियम खनिजातून वेगळे करायला फार मोठी ऊर्जा लागते. त्यामुळे भंगारात गेलेला प्रत्येक नग हे सगळ्यांत महागडे प्रदूषण आहे, आणि परत आलेला माल किती हा आकडा मी तेव्हापासून पर्यावरणाच्या खात्यातही धरते.

मालकांशी बोलणे झाले तेव्हा मी थोडी चढ्या आवाजातच बोलले होते. ते वयाने मोठे आहेत, मी त्यांना काका म्हणते. त्यांनी सबब सांगितली नाही. “ताई, नळ डोळ्यांनी बघून ठेवायची गोष्ट नव्हे, हे आमच्या उशिरा लक्षात आलं,” एवढेच म्हणाले. पंधरा दिवसांत शेवटच्या टाकीवर पाण्याची वाहकता (क्षार वाढले की ती वाढते) मोजणारे मीटर बसले. आकडा ठरलेल्या मर्यादेवर गेला की ताज्या पाण्याचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, खाली आला की बंद होतो. शेवटची धुणी आता क्षार काढलेल्या पाण्यात होते. त्यानंतर आजवर त्या प्रकारचा डाग मला दिसलेला नाही.

पॅसिव्हेशन, म्हणजे स्टीलवरचे सुटे लोखंड काढून ऑक्साइडचा थर पक्का करण्याची पायरी, इथे दोन प्रकारे करून मिळते : पारंपरिक नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये किंवा सायट्रिक अ‍ॅसिडमध्ये. कार्यालयात एक फलक आहे, त्यावर सायट्रिकची पद्धत ‘पर्यावरणपूरक’ म्हणून लिहिली आहे. हा शब्द मला अर्धाच पटतो. कामगारांच्या बाजूने पाहिले तर सायट्रिक निःसंशय चांगले. लिंबातले अ‍ॅसिड, तिखट वाफ नाही, कातडी जळण्याची भीती कमी, आणि ४ ते १० टक्क्यांचे कोमट द्रावण पुरते, जिथे नायट्रिक २० ते ४५ टक्के लागते. परंतु सायट्रेट धातूंना धरून ठेवते. त्याचे वापरलेले पाणी इतर पाण्यात मिसळले तर निकेल आणि क्रोमियम चुन्याने सहज खाली बसत नाहीत, सायट्रेटच्या आधाराने ते पाण्यातच विरघळलेले राहून पुढे जातात. म्हणजे चांगल्या हेतूने आणलेले अ‍ॅसिड ईटीपीचे (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचे) काम बिघडवू शकते. या युनिटमध्ये पहिले वर्षभर दोन्ही पाणी एकाच टाकीत जात होते. मी विचारल्यावर त्यांच्या प्रयोगशाळेतल्या ताईंनी स्वतः दोन चंचुपात्रांत चाचणी करून फरक पाहिला आणि आता सायट्रिकचे पाणी वेगळ्या कॅनमध्ये साठवून वेगळे हाताळतात. फलक मात्र अजून तसाच आहे. तो बदलावा असे मी पुन्हा इथे लिहून ठेवते.

ईटीपी पाहायला मागितली तर बऱ्याच ठिकाणी चावी सापडत नाही. इथे ती मागच्या भिंतीला लागून आहे आणि मी न सांगता तीनदा गेले, तीनही वेळा ती चालू होती. चुन्याची निवळी टाकून पाण्याचा सामू (पीएच) वाढवतात, पण एकाच टाकीत एकाच आकड्यावर थांबत नाहीत. क्रोमियम साधारण साडेआठपर्यंत नीट खाली बसते आणि त्याहून फार वर गेले की पुन्हा विरघळू लागते, तर निकेलला दहाच्या वर जावे लागते. म्हणून दोन टप्पे केले आहेत आणि पहिल्या टप्प्यातला गाळ बाजूला काढूनच दुसरा सुरू होतो. फ्लोराइडचीही अशीच गोष्ट. चुन्याने फ्लोराइडचा कॅल्शियम फ्लोराइड होऊन तो खाली बसतो, पण हा क्षारही थोडासा पाण्यात विरघळतोच, त्यामुळे लिटरमागे सात-आठ मिलिग्रॅम फ्लोराइड मागे राहण्याचा संभव असतो. नुसता चुना टाकून ‘फ्लोराइड गेले’ असे जो सांगतो त्याने मीटर लावून पाहिलेले नाही. इथे चुन्यानंतर तुरटीची आणखी एक पायरी आहे, आणि तिच्यानंतरचे आकडे वहीत दोनच्या आत दिसतात.

सहा संयुजी क्रोमियमची, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाची, चाचणी प्रयोगशाळेतल्या त्या ताईंनी मला करून दाखवली. नळीत बाहेर जाणारे पाणी घेतले, थोडे अ‍ॅसिड आणि डायफेनिल कार्बाझाइडचे थेंब टाकले, आणि शेजारच्या नळीत मुद्दाम तयार केलेला अत्यंत विरळ नमुना घेतला. शेजारची नळी जांभळट गुलाबी झाली. बाहेरच्या पाण्याची नळी पाच मिनिटे उजेडाकडे धरून ठेवली तरी पांढऱ्या कागदापुढे निर्मळच राहिली. नियमाने ही मर्यादा लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम आहे. ही चाचणी स्वस्त आहे आणि बारावीला विज्ञान घेतलेल्या कुणालाही शिकवता येते, म्हणून माल देण्याआधी ती समोर करून दाखवायला सांगावी.

आता मोठा दोष. नायट्रिक अ‍ॅसिड चुन्याने मारले की अ‍ॅसिडपणा जातो, नायट्रेट जात नाही. त्याचे कॅल्शियम नायट्रेट होते आणि ते पूर्णपणे पाण्यात विरघळलेले राहते. आपले शेतकरी हेच कॅल्शियम नायट्रेट पोत्याने विकत आणून ठिबकमधून भाजीला देतात, त्यामुळे ‘हे तर खतच आहे’ असे म्हणणारे मला इथेही भेटले. पिकाला मोजून दिलेले खत आणि विहिरीत बारा महिने झिरपणारे नायट्रेट यांत फार अंतर आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे, आणि ती बरीच ओलांडली गेली की तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. हे युनिट नायट्रेटचे पाणी बाहेर सोडत नाही, ते आर. ओ.मधून काढून उरलेले खारे पाणी उघड्या सिमेंटच्या टाकीत उन्हाने वाळवते. फेब्रुवारीत मी ती टाकी पाहिली तेव्हा तळाशी पांढरी खपली होती आणि व्यवस्था उत्तम वाटली. जुलैमध्ये पुन्हा गेले. बेळगावचा जुलै सांगायला नको. आठवडाभर ऊन नव्हते, टाकीवर निळी ताडपत्री होती, तिच्या मधोमध पावसाचे तळे साचून ती पोटासारखी खाली आली होती, आणि कडेपासून पाण्याची पातळी जेमतेम वितभर खाली होती. आणखी दोन रात्री तसाच पाऊस लागला असता तर ते पाणी गटारात आणि गटारातून नाल्यात उतरले असते. नाला मार्कंडेयला मिळतो, मार्कंडेय घटप्रभेला आणि घटप्रभा कृष्णेला. वाटेत कितीतरी विहिरी आहेत.

मी तिथेच उभी राहून फोटो काढला आणि काकांना दाखवला. त्यांनी त्याच दिवशी तीन बॅरल भरून पाणी आत हलवले, हे मी पाहिले. दिवाळीनंतर टाकीवर पारदर्शक पत्र्यांचे उतरते छप्पर झाले आणि पावसाळ्यासाठी विजेवर चालणारा छोटा बाष्पक घेतला. एका पावसाळ्याची कसोटी अजून व्हायची आहे. तोपर्यंत या मुद्द्यावर मी पूर्ण समाधान व्यक्त करू शकत नाही. ज्या जिल्ह्यात चार महिने पाऊस कोसळतो तिथे उन्हावर भरवसा ठेवून टाकी बांधायला नको होती, आणि प्रदूषण मंडळाच्या संमतीसाठी नकाशा करतानाच हे सुचायला हवे होते.

गाळाचा प्रश्न त्यांनी नीट हाताळला आहे. गाळातले पाणी दाबून काढणाऱ्या फिल्टर प्रेसमधून निघणारा हिरवट करडा केक पोत्यांत भरून, फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर, छपराखाली ठेवतात. पोत्यावर तारीख आणि वजन असते. निकेल-क्रोमियम असलेला हा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे तो अधिकृत जागीच जावा लागतो, आणि आपल्यापासून ती जागा म्हणजे बंगळूरजवळचे दाबसपेठ, सुमारे साडेचारशे किलोमीटर. एवढ्या लांब पाठवण्याचा खर्च लहान कारखान्याला जड जातो, हे मला मान्य आहे. वाहतुकीच्या फॉर्म १० च्या प्रती मी पाहिल्या, त्यांवरचे वजन आणि पोत्यांवरच्या वजनाची बेरीज जुळत होती. हे जुळवून पाहण्याची सवय गिऱ्हाइकांनी लावून घ्यावी.

बाकी गोष्टी थोडक्यात. माल सहसा सहा कामाच्या दिवसांत मिळतो, सुगीच्या आणि यल्लम्माच्या यात्रेच्या दिवसांत कामगार गावी गेल्यामुळे दहा दिवस धरावेत. दर आमच्या जुन्या ठिकाणापेक्षा दहा-बारा टक्क्यांनी जास्त आहे, पण ने-आण वाचते. कृत्रिम सांध्यांच्या कपांवर हायड्रॉक्सीॲपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारख्या पदार्थाचा) प्लाझ्मा लेप किंवा व्हॅक्यूममधले टायटॅनियम नायट्राइडचे सोनेरी लेपन इथे होत नाही. अ‍ॅसिडच्या टाक्यांवरचा धुरांड्याचा पंखा जुना आहे, नायट्रिक-हायड्रोफ्लुओरिकच्या टाकीतून तांबूस वाफ उठते तेव्हा ती पूर्ण ओढली जात नाही आणि दाराशी उभे असतानाही घशाला खवखव जाणवते. स्क्रबरमध्ये, म्हणजे वाफ धुऊन काढणाऱ्या यंत्रात, साधे पाणी न फिरवता अल्कली द्रावण फिरवले तर फरक पडेल. हे मी त्यांना सांगितले आहे, अजून झालेले नाही. आत काम करणारी सहा माणसे रोज आठ तास तिथे असतात, म्हणून ही बाब मी डागाळलेल्या स्क्रूंपेक्षा गंभीर धरते.

आमच्या पुढच्या वर्षाच्या ऑर्डरवर मी तीन ओळी जादा लिहून दिल्या आहेत : प्रत्येक लॉटसोबत बाहेर जाणाऱ्या पाण्याचे फ्लोराइड, निकेल आणि सहा संयुजी क्रोमियमचे आकडे यावेत, परत आलेल्या मालाची टक्केवारी चलनावर लिहावी, आणि जूनपूर्वी पंखा व स्क्रबर बदलावा. पहिल्या दोन गोष्टींवर काकांनी लगेच सही केली. तिसरीसाठी ऑगस्टपर्यंत मुदत मागितली, ती मी दिली नाही. शेवटी जून अखेर ठरले आहे, आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस लागल्यावर, मी छपराची टाकी आणि पंखा दोन्ही पाहायला जाणार आहे.